एक आडनाव, तीन जोन्स

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा छोटासा देश. तेथे 'जोन्स' आडनावाची माणसे जागोजागी भेटतात. अर्थ सोपा आहे : जॉनचा मुलगा. वडिलांचे नाव मुलाच्या नावापुढे लावण्याची तेथे रीत होती. पुढे तेच आडनाव झाले. अशा तिघांची आपण ओळख करून घेऊ.

विल्यम जोन्स (१६७५-१७४९) : वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह यांनी १७०६ साली प्रथम वापरले. यांचेच पुत्र सर विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये कालिदासाचे 'शाकुंतल' इंग्रजीत आणले.

ग्रिफिथ जोन्स (मृत्यू १७६१) : यांच्या फिरत्या शाळा प्रसिद्ध आहेत. शेतीची कामे थंडावली की गावात सुमारे तीन महिने शाळा भरे. लहानथोर वेल्श वाचायला शिकत, मग शिक्षक पुढच्या गावी जात.

मायकेल जोन्स (१८२२-१८९८) : आपली भाषा टिकावी म्हणून यांनी वेल्श वसाहतीची कल्पना मांडली. १८६५ मध्ये सुमारे १५० माणसे अर्जेंटिनातील पॅटागोनियात गेली. तेथील काही शाळांत आजही वेल्श शिकवतात.

आपणही मराठी मुलखाबाहेर राहतो. शाळा अक्षरे शिकवील. पण भाषा जगते ती घरच्या बोलण्यात. पालकांनीही याचा विचार करावा.