व्हर्नॅक म्हणाले? म्हणू देत

अगं, कॅन्टीनमध्ये कोणी तुला ‘व्हर्नॅक’ म्हणालं आणि तू वडापाव अर्धा टाकून घरी आलीस, हे आईने सांगितलं मला. बस जरा माझ्याजवळ.

मुंबईच्या कॉलेजांत हा शब्द जुना आहे. ‘व्हर्नॅक्युलर’ची शेपटी कापून केलेला. वरवर अर्थ एवढाच, की मराठी-गुजराती माध्यमातली पोरं. टोमणा मात्र असतो उच्चारांवर, कपड्यांवर, तेल लावून घातलेल्या वेणीवर. मूळ तर फारच लांबचं. लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून घरचं, देशी ते व्हर्नॅक्युलर. आपल्याकडे हा शब्द आणला साहेबाने. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड दाबायला लॉर्ड लिटनने १८७८ साली कायदा केला, त्याचं नावच ‘व्हर्नॅक्युलर प्रेस ॲक्ट’. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. म्हणजे बघ, सरकारला धास्ती होती ती आपल्याच भाषांची! आणि तीन वर्षांच्या आत, जानेवारी १८८१ मध्ये, टिळक-आगरकरांचा ‘केसरी’ निघाला, तोही मराठीत. त्याच टिळकांचं नाव तुझ्या शाळेवर, पार्ले टिळक विद्यालयावर, १९२१ पासून आहे.

आणखी एक ऐक. मराठी सातवीच्या परीक्षेला पूर्वी ‘व्हर्नॅक्युलर फायनल’ म्हणत. ती पास झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. त्याच शब्दाला तेव्हा मान होता.

आता कामाचं बोलू. इंग्रजी यायलाच हवं, त्यात सूट नाही. रोज संध्याकाळी एक धडा मोठ्याने वाच, उच्चार अडला की मला हाक मार. पण समजून घेताना मराठीत घे. मिठाचा भाव वाढला म्हणून कोणी अळणी जेवत नाही, हे डोक्यात बसलं की अर्थशास्त्रातल्या ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ची व्याख्या घोकावी लागत नाही. शंका अर्धी मराठीत विचारलीस तरी चालेल. गप्प बसलीस, तर नुकसान तुझंच.

आणि गावाहून आलेल्या एखाद्या मुलीला आपल्यातलंच कोणी ‘घाटी’ म्हणालं, तर तू हसू नकोस हं. तोही तसलाच टोमणा. उद्या वेळेत निघ, पूल ओलांडून पश्चिमेला कॉलेजात जा आणि पहिला बाक पकड.