माल घडवण्याआधी गिऱ्हाईक पाहा

गोंदिया जिल्ह्यात हुनरमंद कारागिरांची वाण नाही. भातगिरण्यांची यंत्रे चालती ठेवणारे फिटर आणि वेल्डर आहेत, सुतार आहेत, पत्र्याचे काम करणारे आहेत. दुरुस्तीच्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण हाच कारागीर स्वतःच्या कल्पनेने एखादी नवी वस्तू बनवतो, तेव्हा ती अनेकदा दुकानातच धूळ खात पडते. पत्रा उधारीवर आणलेला असतो, पैसे अडकतात. मोठा कारखाना असा फटका सोसू शकतो, एका खोलीतले वर्कशॉप सोसू शकत नाही.

कारण पाहिले तर कारागिरीत खोट क्वचितच असते. वस्तू कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि किती किमतीत, हे आधी तपासलेले नसते. डिझाइनच्या शिक्षणात या तपासाला शोधाचा टप्पा म्हणतात. त्याला पदवी लागत नाही, मात्र शिस्त लागते.

प्रश्न कसे असावेत?

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ साली एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले आणि असा लोटा घडवायचा तर कोणते प्रश्न विचारावे लागतील, ते मांडले. पाणी किती मावावे? तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? ओतताना तोल कसा राहील? आतून घासता येईल का? किंमत काय पडेल? मोडीत काय मिळेल? लक्षात घ्या, यात लोटा दिसायला कसा असावा हा प्रश्न पहिला नाही. आधी काम, मग आकार.

विडीच्या सुपाचे उदाहरण

आता आपल्या घराजवळ येऊ. समजा, एखाद्या कारागिराच्या मनात आले की विडी वळणाऱ्या बायकांसाठी पाठीला आधार देणारी बैठी चौकी बनवावी. कल्पना चांगली आहे. पण लोखंड कापण्याआधी चार घरी जाऊन काम पाहावे. सोबत आई, पत्नी किंवा बहिणीला न्यावे. बायका बायकांशी मोकळेपणाने बोलतात आणि त्या घरालाही संकोच वाटत नाही.

तेथे काय दिसेल? तेंदूपान भिजवून मापाप्रमाणे कात्रीने कापले जाते, मांडीवरच्या सुपात तंबाखू असते, विडी वळून दोऱ्याने बांधली जाते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून हाताचा वेग हीच कमाई. चौकीमुळे मांडी उंच झाली आणि सूप घसरू लागले, तर पाठ दुखत असली तरी ती बाई चौकी बाजूला ठेवील. शिवाय ती एकाच जागी बसते का? सकाळी अंगणात, दुपारी सावलीत, मध्येच चुलीकडे. म्हणजे चौकी एका हाताने उचलता आली पाहिजे. लहान घरात ती रात्री ठेवायची कुठे, हेही पाहावे.

सर्वांत मोठा प्रश्न पैशाचा. बसणार मजूर बाई, पण पैसे कोण देणार? ती स्वतः, तिचा नवरा, बचत गट की विडीचा ठेकेदार? वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असेल, तर दोघांशीही बोलावे लागते.

‘हो’ म्हणणे आणि पैसे मोजणे

शोध घेतला म्हणजे विक्री पक्की, असेही नाही. मुंबईच्या गोदरेज कंपनीने ग्रामीण कुटुंबांसाठी ‘छोटूकूल’ हा लहान शीतपेटीसारखा फ्रीज काढला. त्यासाठी २००८ साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे सुमारे सहाशे महिलांना एकत्र करून नमुना दाखवला, त्यांची मते घेतली. वजन आठ किलोच्या आत, झाकण वरून उघडणारे, वीज गेली तर बॅटरीवरही चालणारा. गरज नीट ओळखलेली होती. तरीही खेड्यांत अपेक्षेइतका खप झाला नाही. पुढे शहरातले छोटे दुकानदार आणि मोटारीतून फिरणारे लोक त्याचे गिऱ्हाईक ठरले.

यातून धडा असा की, ‘घ्याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे लोक भिडेखातर होच म्हणतात. म्हणून विचारावे ते झालेल्या गोष्टींबद्दल. पाठ दुखली तेव्हा काय केले? त्यावर किती खर्च केला? अशी वस्तू पूर्वी घेतली होती का, आणि ती आता कुठे आहे?

कामाचा क्रम

१. एकच काम आणि एकाच प्रकारचे गिऱ्हाईक निवडा.

२. निदान आठ-दहा घरी काम होताना पाहा. आपली कल्पना आधी सांगू नका.

३. दिसलेले आणि ऐकलेले त्याच रात्री वहीत लिहा. आपले मत वेगळ्या पानावर लिहा.

४. तीन-चार घरी तीच अडचण आढळली, तर जुन्या लाकडाचा किंवा पत्र्याचा स्वस्त नमुना करा आणि आठवडाभर वापरायला द्या.

५. नमुना परत घेण्यास जा. बाई तो सोडायला तयार नसेल, तर किंमत सांगा आणि थोडी का होईना आगाऊ रक्कम मागा. रक्कम मिळाली तरच पुढचा माल आणा.

नमुना कोपऱ्यात पडलेला आढळला, तर वाईट वाटून घेऊ नये. का वापरला नाही, तेवढे विचारून वहीत लिहावे. दोनशे रुपयांच्या नमुन्यात जे कळले, ते कळायला नाहीतर वीस हजारांचा पत्रा गेला असता. तेंदूपानाची तोड उन्हाळ्यात असते आणि पावसाळ्यात घरोघर रोवणीची घाई, त्यामुळे या चौकशीचा काळही गिऱ्हाइकाची सवड पाहूनच ठरवावा.