पन्नासच्या दोन लेन्स

नाटकांच्या रंगीत तालमी, गाण्याच्या बैठका आणि कीर्तनं हा माझ्या कॅमेऱ्याचा नेहमीचा प्रांत. तिन्हीकडे फ्लॅश चालत नाही, आणि चालूही नये. म्हणून मोठ्या ॲपर्चरची ५० मिमीची प्राइम लेन्स माझ्या बॅगेत लागतेच. निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यांसाठी, फार खिसा रिकामा न करता मिळणाऱ्या अशा दोन लेन्स आहेत: २०१८ साली आलेली एफ/१.८ एस आणि २०२४ साली आलेली एफ/१.४. दोन्ही मी भरपूर वापरल्या आहेत. ‘यातली कुठली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी जे सांगते, ते हे.

१. आकडा आणि किंमत यांची जुनी जोडी विसरा. १.८ म्हणजे नवशिक्यांची स्वस्त लेन्स आणि १.४ म्हणजे व्यावसायिकांची महाग, असं फिल्मच्या काळापासून आपल्या डोक्यात बसलं आहे. इथे उलटं आहे. अमेरिकेत १.८ एस बाजारात आली ती सुमारे ६०० डॉलरला आणि १.४ सुमारे ५०० डॉलरला. कारण आतल्या काचांमध्ये आहे. १.८ एसमध्ये ९ गटांत १२ काचा आहेत. त्यांत दोन ईडी, दोन ॲस्फेरिकल, शिवाय चमक रोखणारं नॅनो क्रिस्टल कोटिंग. १.४मध्ये ७ गटांत १० काचा आणि त्यांतली एकच ॲस्फेरिकल. एकीत पैसा भिंगाचे दोष काढण्यावर गेला आहे, दुसरीत ॲपर्चर मोठं करूनही किंमत आटोक्यात ठेवली आहे.

२. वजन आणि आकार यांवर वेळ घालवू नका. एक ४१५ ग्रॅम, दुसरी ४२०. दोघींना ६२ मिमीचाच फिल्टर बसतो.

३. जास्तीचा प्रकाश किती, ते आधी शटरच्या भाषेत मोजा. १.८ आणि १.४ यांत दोन तृतीयांश स्टॉपचा फरक आहे. म्हणजे जिथे १.८ला १/१२५ मिळतो, तिथे १.४ला १/२०० मिळतो. किंवा आयएसओ ६४००ऐवजी ४०००वर भागतं. संवाद म्हणत उभ्या असलेल्या नटासाठी १/१२५ पुरतो. द्रुत लयीत तबल्यावरची बोटं १/२००लाही पुसटच येतात. ती थांबवायची तर १/५००च्या पुढे जावं लागतं आणि मग दोन्ही लेन्सना आयएसओ चढवावाच लागतो. फायदा होतो तो या दोन टोकांच्या मधल्या हालचालींना: गाणाऱ्याचा तानेबरोबर फिरणारा हात, कीर्तनकाराने घेतलेली गिरकी. तिथे हा फरक मला खरोखर जाणवला. मात्र १.४ पूर्ण उघडी असताना फ्रेमचे कोपरे काळवंडतात. सॉफ्टवेअर ते उजळतं खरं, पण त्याबरोबर कोपऱ्यातला नॉइजही वर येतो. मिळालेला जास्तीचा प्रकाश मुख्यतः मधल्या भागाचा, हे धरून चाला.

४. तुमचा विषय फ्रेममध्ये कुठे असतो, ते पाहा. या दोन लेन्समधली निवड माझ्या मते इथेच ठरते, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

रंगमंचावर माणसं मधोमध क्वचित असतात. एक पात्र डाव्या विंगेजवळ, दुसरं उजवीकडे पायरीवर, आणि मधली रिकामी जागा हीच त्या प्रसंगाची ताकद. असा फोटो घेताना दोन्ही चेहरे कडेला जातात. १.८ एस पूर्ण उघडी ठेवली तरी कडेच्या चेहऱ्याची पापणी न् पापणी दिसते. १.४ने घेतलेल्या फोटोत मधली समई स्वच्छ येते आणि कडेचा चेहरा मऊ पडतो. तो कडक व्हायला ॲपर्चर २.८पर्यंत बंद करावं लागतं. तेवढं बंद केलं, की जास्तीच्या प्रकाशासाठी १.४ घेण्यात काय राहिलं?

दुसरी अडचण जरीची. काळ्या पडद्यापुढे नऊवारीच्या काठावर वरून स्पॉट पडला, की १.४वर फोकसच्या पुढच्या जरीला जांभळी कड येते आणि मागच्या जरीला हिरवी. पदरावर ही कड काढत बसणं फार किचकट काम आहे, कारण साडीचा खरा रंगही त्यात पुसला जातो. १.८ एसवर हा त्रास इतका कमी, की मी तो जवळजवळ विसरले आहे.

याउलट घरातली माणसं, बारशातलं बाळ, खिडकीजवळ निवडण-टिपण करत बसलेली आजी असे फोटो घेणाऱ्याच्या फ्रेममध्ये चेहरा बहुधा मध्याच्या आसपासच असतो. त्याला कडेच्या मऊपणाची झळ लागत नाही.

५. मागचं सगळं पुसून टाकायचं आहे का, हे स्वतःला विचारा. पार्श्वभूमी विरघळवण्यात १.४ सरस आहे. मागचे दिवे तिच्यात अधिक मोठे, मऊ होतात, झाडीतून येणारा कवडसा डोळ्यांना खुपत नाही. त्वचाही ती हळुवार काढते, १.८ एस चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ मांडते. पण वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे ओळीने उभे असलेले टाळकरी पुसले, तर कीर्तनातलं निम्मं गेलं. तिथे मी १.८ एसही २.८वर नेते.

६. फोकसची जाडी सेंटिमीटरमध्ये लक्षात ठेवा. दीड मीटरवरच्या माणसासाठी १.४ला साधारण ७ सेंटिमीटर, १.८ला साधारण ९. मांडीवर उभा तंबोरा घेऊन गाणाऱ्या बाईंचा फोटो घेताना हे कळतं. चेहऱ्यापुढून चार तारा जातात. फोकस तारांवर अडकला तर डोळे गेले. डोळ्यांवर बसला तर तारांचे फक्त धूसर पट्टे उरतात. ते दोन सेंटिमीटर मला हवे असतात. डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू ठेवा, पण हात किंवा खुंटी मध्ये आली की फोकस पॉइंट स्वतः हलवायची सवय असू द्या.

७. अंधारात बोटांना काय सापडतं, तेही बघा. १.४वर फोकसच्या रिंगशिवाय आणखी एक कंट्रोल रिंग आहे. तिच्यावर आयएसओ किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन लावता येतं. १.८ एसवर रिंग एकच, पण ऑटो-मॅन्युअल फोकसचं बटण लेन्सवरच आहे. प्रेक्षागृहात मेन्यू उघडला की स्क्रीनचा उजेड मागच्या रांगेच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे मला दोन्ही सोयी मोलाच्या वाटतात.

८. मी १.८ एस ठेवली. नाटक हेच तुमचं काम असेल, किंवा रात्रीचे रस्ते, दीपमाळा, वाड्यांचं कोरीव काम असं कडेपर्यंत तपशील लागणारं काही, तर डोळे मिटून तीच घ्या. माणसांचे जवळून फोटो काढणाऱ्याला मी तितक्याच ठामपणे १.४ सुचवते. लग्नात फक्त वधू-वरांचे पोर्ट्रेट करणाऱ्या एका मैत्रिणीने माझ्या सांगण्यावरून ती घेतली आहे. तरीही मन ठरत नसेल तर दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने आणा. काळ्या कापडासमोर जरीची साडी टांगा, एकदा फ्रेमच्या मध्ये आणि एकदा अगदी कडेला. दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवून फोटो घ्या आणि संगणकावर शंभर टक्के मोठे करून शेजारी शेजारी ठेवा.