लिलावाची शेवटची पाच मिनिटे

आपल्या बाजारात लिलाव म्हटला की गर्दी, पुकारणारा माणूस आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' ही हाक डोळ्यांसमोर येते. तिसरी हाक पूर्ण होईपर्यंत कोणीही वाढीव बोली देऊ शकतो. तेथे घड्याळाला किंमत नसते. संगणकावरील लिलावात पुकारणारा नसतो आणि सर्व कारभार घड्याळाच्या हाती असतो. आज बँकांकडील जप्तीचा माल, गाळे, यंत्रसामग्री आणि सरकारी भंगार याच पद्धतीने विकले जाते. म्हणून अशा लिलावात शेवटच्या क्षणी बोली लावण्याची सवय कशी जडते आणि तिचा फायदा केव्हा होतो, हे व्यापारी बांधवांनी समजून घेणे जरूर आहे.

ही सवय संगणकाने आणलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्ती लावून लिलाव करीत. ज्योत विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. तेथील नौदलाच्या कचेरीतील अधिकारी सॅम्युअल पेप्स याने सप्टेंबर १६६२ मध्ये जुन्या जहाजांच्या अशाच एका लिलावाची हकीकत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. एक गृहस्थ दर वेळी अगदी नेमक्या क्षणी बोली देत होता. विचारल्यावर त्याने सांगितले की, ज्योत विझण्याच्या बेतात आली की धूर खाली येतो. बाकीचे ज्योतीकडे पाहत होते, हा धुराकडे पाहत होता.

ईबेची पद्धत

अमेरिकेत १९९५ साली पिअर ओमिड्यार यांनी सुरू केलेली ईबे ही संगणकावरील लिलावाची सर्वांत प्रसिद्ध पेढी. तेथे लिलाव संपण्याची वेळ आधीच ठरलेली असते आणि ती कोणासाठीही पुढे जात नाही. ग्राहकाने आपली कमाल रक्कम यंत्राला गुप्तपणे सांगायची. यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, आपली मर्यादा १००० आहे, दुसऱ्याची ७०० आहे आणि वाढीची पायरी १० आहे. तर माल आपल्याला ७१० मध्ये मिळतो, १००० द्यावे लागत नाहीत.

हिशेबाने पाहिले तर पहिल्या दिवशीच खरी मर्यादा सांगून निवांत बसावे. तरीही लोक शेवटच्या मिनिटाची वाट पाहतात. काही जण तर यासाठी वेगळी यंत्रणा वापरतात. ती अखेरच्या काही सेकंदांत आपोआप बोली टाकते.

नियम बदलला, सवय बदलली

अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नावरील आपला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. (रॉथ यांना पुढे २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) त्यांनी ईबेची तुलना अॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांशी केली. अॅमेझॉनने १९९९ मध्ये सुरू केलेले आणि पुढे बंद केलेले ते लिलाव बहुतेक बाबतींत ईबेसारखेच होते. एक फरक मोठा होता. शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढे, आणि सलग दहा मिनिटे कोणीच बोलले नाही तरच लिलाव संपे.

त्यांच्या पाहणीत ईबेवर संगणकांच्या शंभरपैकी ४० आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या शंभरपैकी ५९ लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती. अॅमेझॉनवर हे प्रमाण दोन्ही मालांत शंभरात सुमारे ३ होते. शिवाय ईबेवर अनुभवी ग्राहक जास्त उशीर करीत. म्हणजे ही केवळ माणसाच्या स्वभावाची गोष्ट नाही. लिलाव संपवण्याचा नियम जसा, तशी बोलीची चाल.

ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात जाणकार का थांबतो, त्याची कारणे सरळ आहेत. नवखा ग्राहक मर्यादा ठरवत नाही, तो हरल्याचे पाहून थोडी थोडी बोली वाढवत जातो. त्याला वाढवायला वेळच मिळू नये, हे पहिले कारण. पारखी माणसाने बोली लावली की इतरांना मालाची किंमत कळते, हे दुसरे. तिसरे म्हणजे विकणाऱ्याचाच माणूस खोटी बोली लावून भाव चढवू शकतो. यालाच 'नजश' म्हणतात आणि हदीसमध्ये त्याची स्पष्ट मनाई आहे. बोली उशिरा आली तर अशा माणसाला संधी मिळत नाही. मात्र धोकाही आहे. शेवटच्या सेकंदाची बोली कधी कधी पोहोचतच नाही आणि माल हातचा जातो.

माझा धडा

आपल्याकडील बँकांच्या लिलावात बहुधा दुसरा नियम असतो. शेवटच्या मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते. हे मी पैसे घालवून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका बँकेने ग्रे कापडाचा जप्त साठा लिलावास काढला. मी गोदामात जाऊन तागे पाहिले. रंगाई, वाहतूक आणि माफक नफा धरून सकाळी कागदावर सहा लाख लिहिले. मुदत दुपारी तीनची होती. शेवटच्या क्षणी बोली टाकली की काम झाले, या समजुतीने मी गप्प बसलो आणि तीनला दोन मिनिटे असताना बोली दिली. घड्याळ पाच मिनिटे पुढे गेले. समोरच्याने वाढवले, मी वाढवले, पुन्हा पाच मिनिटे. साडेचारला माल माझा झाला, सव्वासात लाखांना. मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही कागदावर सहा लिहिले होते ना?"

रंगाई, वाहतूक वजा जाता त्या मालाचे सहा लाख दहा हजार हाती आले. माझा सकाळचा हिशेब बरोबर होता, दुपारची जिद्द चुकीची होती. दोष बँकेचा नव्हता. मुदतवाढीचा नियम अटींच्या कागदात छापलेला होता, मी तो वाचला नव्हता.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. लिलाव ठरलेल्या वेळी संपतो की मुदत वाढते, हे अटींमध्ये आधी वाचावे.

२. वेळ ठरलेली असेल तर उशिरा बोलण्यात फायदा असू शकतो, पण अखेरच्या सेकंदावर विसंबू नये. मुदत वाढत असेल तर थांबून काही मिळत नाही.

३. माल स्वतः पाहावा, मर्यादा आदल्या दिवशी कागदावर लिहावी आणि तो कागद घरच्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावा.

४. पैशाची सोय आधी करावी. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेने विकलेला गाळा किंवा जमीन घेतल्यास किमतीचा चौथा हिस्सा, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावा लागतो. पुढील हप्ता चुकला तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते.

लिलावात माल सुटला तर दुसरा मिळतो. भांडवल सुटले तर ते परत उभे करायला वर्षे लागतात.