सिंधुदुर्गाभोवतीची पोवळी

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट दिसतो. कुरटे नावाच्या ज्या लहानशा खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा किल्ला बांधावयास घेतला, तेथे होडीने जाणाऱ्या प्रवाशांचे लक्ष सहसा तटाबुरुजांकडेच असते. परंतु तटाबाहेरच्या उथळ पाण्यात दुसरेही एक बांधकाम चालू असते. ते पोवळ्यांचे, म्हणजेच प्रवाळांचे होय.

पोवळे दिसावयास दगडासारखे असले, तरी ते पॉलिप नावाच्या इवल्याशा प्राण्यांनी घडविलेले असते. पॉलिपाचे मऊ शरीर पिशवीसारखे असून तोंडाभोवती बोटांसारख्या तंतूंचे कडे असते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो आपल्या बुडाशी चुनखडीची वाटी तयार करतो. अशा असंख्य वाट्या पिढ्यान् पिढ्या एकीवर एक रचल्या जाऊन प्रवाळाचा खडक बनतो.

पॉलिपाच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करून त्यातील मोठा वाटा पॉलिपास देतात. पॉलिप त्यांना आसरा देतो. म्हणूनच अशा प्रवाळांना उबदार, स्वच्छ व प्रकाश पोहोचेल असे पाणी लागते. कोकणातील नद्या पावसाळ्यात गाळ व गोडे पाणी समुद्रात आणून सोडतात. त्यामुळे या किनाऱ्यावर प्रवाळांची वाढ तुरळक आढळते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कुरटे बेट मुळातच खडकाचे आहे. प्रवाळांनी केवळ त्याचा आधार घेतला. अरबी समुद्रातील लक्षद्वीपची बेटे मात्र प्रवाळांनीच घडविली आहेत. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत असता त्याभोवतीची प्रवाळभित्ती वर वाढत राहते व अखेरीस कंकणाकृती द्वीप उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन याने १८४२ साली मांडली.

गोळ्यासारख्या वाढणाऱ्या प्रवाळांची उंची वर्षाला साधारणतः एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते. म्हणजे वीतभर उंचीचा गोळा घडण्यास वीस वर्षे तरी लागतात. होडीचा नांगर तो क्षणात फोडतो.

दुसरे संकट उष्णतेचे आहे. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेहून एखाद्या अंश सेल्सियसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप व शैवले यांची सोबत तुटते आणि पोवळे पांढरे पडते. यास विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले, तर शैवले पुन्हा वाढू शकतात. न निवले, तर पॉलिप मरतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. मालवणच्या प्रवाळांतही ते आढळले आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, आणि २००१ पासून खडक घडविणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचा आश्रय मिळाला. समुद्राचे तापणे एकट्या प्रवाशास थांबविता येत नाही. परंतु ओहोटीच्या वेळी प्रवाळांवर पाय न देणे, नांगर वाळूत टाकावयास सांगणे आणि पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून न उचलणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे.

अभ्यास : (१) पेशींत शैवले बाळगणारे प्रवाळ खोल काळोख्या पाण्यात का वाढत नाहीत? (२) पांढरे पडलेले प्रत्येक पोवळे मेलेलेच असते काय? सकारण उत्तर लिहा.