रोममध्ये स्कूटर: आपला परवाना चालेल का?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही नवरा-बायको रोमला जातोय. पुण्यात मी रोज स्कूटर चालवते. माझा परवाना इंग्रजीत आहे, मग तिथे तोच चालेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, हात सरावलेला आहे, तेव्हा घाबरू नका. मात्र नुसता परवाना पुरत नाही. इटलीत त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही लागतो. तो आरटीओकडून मिळतो, निघण्याआधीच काढा. तुमच्या परवान्यावर किती सीसीची गाडी मिळेल, हे भाड्याने देणाऱ्यांना आधी विचारा.

तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. डावीकडे वळल्यावर सवयीने चुकीच्या बाजूला शिरायला होतं, तिथे जपा. पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. जुन्या रोममधले सांपिएत्रीनी, म्हणजे काळ्या दगडाचे ठोकळे, पावसात फार निसरडे होतात. पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. हेल्मेट दोघांनाही सक्तीचं. प्रवास विम्यात दुचाकीचा अपघात धरला आहे का, तेही तपासा.

पहिली फेरी रविवारी सकाळी, जानिकोलो टेकडीवर मारा. गर्दी कमी आणि वरून सगळं शहर दिसतं. तरीही धाकधूक वाटली, तर चालकासह व्हेस्पा मिळते. मागे बसूनही रोम छान पाहता येतं!