मागचा आला का?

सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. एके काळी गावातल्या दुधाच्या किटल्या सायकलवर जात. पोस्टमन सायकलवर येई. बाजाराची पिशवी हँडलला आणि धाकटे पोर पुढच्या दांडीवर, असा अर्धा संसार सायकलवर चाले. तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. पुढे मोटारसायकली आल्या. मोठ्या माणसांची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली, ती टेकलीच. आता सायकलवर दिसतात ती बहुतेक शाळेची मुले.

या धड्यात सायकलची एक वेगळी तऱ्हा पाहू. दहा-वीस माणसे सकाळी एका ठिकाणी जमतात. मिळून निघतात. पंधरा-वीस किलोमीटर हिंडतात, कुठेतरी चहा घेतात आणि मिळून परत येतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, कामही नाही. शहरात अशी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांना सायकल क्लब म्हणतात.

कोणी म्हणेल, "काम नाही, तर मग पाय कशाला दुखवायचे?"

प्रश्न रास्त आहे. पण वारकऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पंढरपूर एस.टी.नेही गाठता येते. तरी माणसे दिंडीत चालतात, कारण सोबतीने चालण्यात काही वेगळे मिळते. नाशिकहून तर सायकलींचीही वारी पंढरपूरला जाते. तेव्हा ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही.

मिळून सायकल चालवण्याची ही रीत कामकरी माणसांत कशी रुजली, ते आधी ऐका. गोष्ट इंग्लंडातली आहे.

सुरुवातीला सायकल ही श्रीमंतांची चैन होती. तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे. वर चढायला कसरत लागे, आणि पडला की माणूस तोंडावरच पडे. १८८५ साली कॉव्हेंट्री गावच्या जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सायकल विकायला आणली. आपण आज चालवतो ती हीच. १८८८ साली डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेले टायर काढले. त्यामुळे हादरे कमी झाले. कारखाने वाढले, किमती उतरल्या आणि वापरलेल्या जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्या. मग गिरणीतला मजूरही सायकल घेऊ लागला.

१८९४ साली बर्मिंगहॅम शहरात काही तरुणांनी एक सायकल क्लब काढला. ते 'क्लॅरियन' नावाचे एक साप्ताहिक वाचत. क्लॅरियन म्हणजे तुतारी. त्यांनी आपल्या क्लबालाही तेच नाव दिले. हे साप्ताहिक मजुरांची बाजू मांडणारे होते. ही मुले सुट्टीच्या दिवशी सायकली काढीत, शहराचा धूर मागे टाकून खेड्यांकडे जात आणि जाताना आपले साप्ताहिक व पत्रके वाटीत. एका शहराचे पाहून दुसऱ्या शहरात क्लब निघाले. पुढच्याच वर्षी ॲशबोर्न या गावी निरनिराळ्या शहरांतले क्लब ईस्टरच्या सुट्टीत एकत्र जमले. पुरुषांबरोबर बायकाही या क्लबांत येऊ लागल्या. त्या काळी बाईने सायकलवर बसावे की नाही, यावर तिकडेही मोठा वाद होता, बरे का! आपणच मागासलेले, असे समजण्याचे कारण नाही.

या मंडळींनी ठिकठिकाणी विसाव्याची घरे उभारली. लँकेशायरमध्ये नेल्सन नावाचे गाव आहे. ते कापडगिरण्यांचे गाव होते. तिथल्या कामकऱ्यांनी १९१२ साली गावाबाहेर शेतांच्या मधे असे एक घर बांधले. ते अजून उभे आहे. रविवारी तिथे सायकलवाले आणि पायी फिरणारे थांबतात. मोठ्या मोठ्या पेल्यांत चहा मिळतो.

इथे एक गोष्ट मनात येते. रविवार असेल, तरच रविवारची फेरी निघणार. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १० जून १८९० पासून मिळू लागली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे झगडा दिला. गिरणीत राबणारा हा मजूर बहुतेक खेड्यांतूनच गेलेला होता. सुट्टी मागावी लागते, हे तिकडच्या आणि इकडच्या गिरणीवाल्यांना सारखेच ठाऊक होते.

आता मुख्य गोष्ट. दहा सायकली एकत्र निघाल्या, म्हणजे तो क्लब झाला असे नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर पन्नास सायकली असत. त्यांना क्लब कोण म्हणेल? क्लब होतो तो एका नियमाने. मागच्याला सोडून जायचे नाही.

हा नियम ऐकायला सोपा आहे, पाळायला अवघड. दहा जणांत दोघे तगडे असतात. त्यांचे पाय शिवशिवतात. एक जण पन्नाशीचा असतो. एका बाईने चार महिन्यांपूर्वीच सायकल शिकलेली असते. एका पोराच्या सायकलची साखळी घसरत असते. तगड्यांच्या वेगाने जायचे म्हटले, तर पहिल्या तीन किलोमीटरांतच माळ तुटते आणि मणी रस्ताभर सांडतात. म्हणून चांगल्या क्लबात निघण्यापूर्वीच सांगतात, आज इतके किलोमीटर जायचे, इतक्या वेगाने जायचे, अमुक ठिकाणी थांबायचे. ज्याला जोरात पळायचे असेल, त्याने दुसऱ्या दिवशी पळावे.

मग दोन माणसे नेमतात. एक पुढे राहणारा. त्याला रस्ता माहीत हवा आणि त्याच्या पायाला लगाम हवा. दुसरा अगदी मागे राहणारा. हा गड्यांतला सर्वांत पक्का निवडावा. पंक्चर काढता येणारा असावा. त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. पुढच्याचे नाव होते, पण फेरी सांभाळतो तो मागचा. पुढच्याने वळणावर, फाट्यावर थांबून विचारायचे, "मागचा आला का?" तो दिसला, की सगळे आले.

सर्वांत हळू माणसाला कुठे ठेवायचे? आपण म्हणू, मागे. तो आपोआपच मागे पडतो. पण जाणते लोक त्याला पुढच्याच्या लगेच मागे ठेवतात. याला कारण आहे. सायकल चालवताना समोरची हवा आपल्याला ढकलत असते. वारा तोंडावर असला, की हे चांगलेच कळते. पुढे एक सायकल असली, तर ती हवा कापते आणि मागच्याला आडोसा मिळतो. त्याचे श्रम वाचतात. वेग जितका जास्त, तितके हे वाचणे जास्त. शर्यतीतले लोक याच कारणासाठी एकमेकांच्या मागे लागून जातात आणि आळीपाळीने पुढे येतात. आपल्या संथ चालीत फायदा थोडा असतो. पण वारा समोरून असेल, तर थोडा आडोसाही पुष्कळ. शिवाय हळू माणूस जवळ असला, की त्याची धाप पुढच्याला ऐकू येते. त्याचा पाय आपोआप आवरतो.

आता चढ. चढावर नियमाची खरी परीक्षा होते. चढावर एकत्र राहणे कोणालाच जमत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. ज्याने त्याने आपल्या दमाने चढावे. उतरून सायकल हाताने ढकलली, तरी त्यात कमीपणा नाही. पुढे गेलेल्यांनी वर थांबावे. इथपर्यंत सगळे करतात. पण पुढे काय होते पहा. पहिले पाच जण वर पोचतात. झाडाखाली बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी शेवटची बाई धापा टाकीत वर येते. तिला पाहिल्याबरोबर हे पाचही जण उठतात आणि म्हणतात, "आल्या एकदाच्या. चला, निघू या."

ज्यांना विसाव्याची गरज नव्हती, त्यांना दहा मिनिटे विसावा मिळाला. जिला गरज होती, तिला एक मिनिटही नाही. ती तशीच निघते. पुढच्या चढाला आणखी मागे पडते. पुढच्या रविवारी येत नाही. आणि मंडळी म्हणतात, "त्यांना आवड नाही."

म्हणून शेवटचा माणूस पोचला, की विसावा तिथून मोजायचा. तो पाणी पिईल, घाम पुसेल, "चला" म्हणेल, मगच निघायचे. "चला" हा शब्द शेवटच्याच्या तोंडून यायला हवा.

रस्त्याचे काही नियमही आहेत. डाव्या बाजूने जावे. वर्दळीच्या रस्त्यावर एकामागे एक जावे, जोडीने गप्पा मारीत जाऊ नये. पुढच्या सायकलपासून निदान एका सायकलीचे अंतर ठेवावे. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपले पुढचे चाक कधी घालू नये. तो जरा सरकला आणि चाकाला चाक लागले, तर पुढचा बहुधा सावरतो, मागचा पडतो. पुढच्याने खड्डा दिसला, की हात खाली करून दाखवावा आणि "खड्डा" म्हणून ओरडावे. थांबायचे असेल, तर आधी हात वर करावा. पाहणाऱ्या प्रत्येकाने तीच खूण मागे द्यावी. खूण मध्येच कोणी गिळली, तर मागचा खड्ड्यात गेलाच म्हणून समजा. अंधार होण्याचा संभव असेल, तर पुढे दिवा आणि मागे तांबडा दिवा हवाच. मोटारवाल्याला आपण दिसतो, असे कधी धरून चालू नये.

बरोबर एक पंप, पाना, सोल्युशन आणि ठिगळे इतके असले, की बहुतेक अडचणी भागतात. ब्रेक आणि हवा मात्र घरूनच पाहून निघावे. शहरातल्या काही क्लबांत लाखाच्या सायकली आणि अंगाला चिकटलेले कपडे दिसतात. ते पाहून दबून जाऊ नका. साध्या काळ्या सायकलवर कॅरियरला डबा बांधूनही फेरी होते. उलट डबा असला तर बरेच.

हे सगळे खेड्यातल्या माणसाला कशाला सांगायचे? आमच्या मते शहरापेक्षा इथेच ते जास्त उपयोगी आहे. पुष्कळ वाड्यावस्त्यांवर शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच असते. पुढे हायस्कूलला दोन-चार किलोमीटर जावे लागते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या अनेक मुलींना सायकली मिळाल्या आहेत. सकाळी पाच-सात मुली एकत्र निघतात. कोणी नाव दिले नाही, तरी हा एक सायकल क्लबच आहे.

त्यातली एखादी लहानखुरी असते, किंवा तिची सायकल जुनी असते. साखळी पडते. घंटा चुकेल म्हणून बाकीच्या पुढे जातात. त्यांचीही चूक म्हणता येत नाही. ही एकटी ओढ्याजवळ साखळी चढवत बसते. उशीर होतो, गुरुजी रागावतात. दोन-चार वेळा असे झाले, की घरात बोलणे निघते, "पोरगी रस्त्यात एकटी राहते. कशाला पाठवायची?" साखळी पडली म्हणून शाळा सुटते.

याला उपाय पैशाचा नाही. दहा मिनिटे आधी निघावे. सर्वांत थोरल्या, धीट मुलीला मागे राहायला सांगावे. लहानखुरीला दुसरा नंबर द्यावा. साखळी चढवायला आणि हवा भरायला सगळ्यांनाच शिकवावे. ते अर्ध्या तासात येते. आणि घरच्यांनी संध्याकाळी "मार्क किती पडले?" याच्याबरोबर "सगळ्या मिळून आलात का?" हेही विचारावे.

रविवारी थोरल्यांनीही सायकली भिंतीपासून काढायला हरकत नाही. पहिली फेरी लहान ठेवा. शेजारच्या गावचे देऊळ, तळे, धरण, काहीही चालेल. बायकांनाही बोलवा. नुकत्याच शिकलेल्या असतील, तर त्यांना आधी शाळेच्या मैदानावर दोन दिवस चालवू द्या. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा तोंडी निरोप न धाडता चावडीच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा. कुठून, किती वाजता, किती लांब, पुढे कोण आणि मागे कोण, एवढे त्यात असले की पुरे. असे:

सायकल फेरी. रविवारी सकाळी ६ वाजता मारुतीच्या देवळापासून निघणे. तळ्यापर्यंत जाऊन परत. जाऊन येऊन ८ किलोमीटर. वेग सावकाश. वडाखाली विसावा. डबा व पाणी आणावे. कोणतीही सायकल चालेल. पुढे राहणार: …… मागे राहणार: ……